कर्णाबाईंची लांब शिवी

कर्णाबाईंचं खरं नाव आगारात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बसस्थानकाच्या छपरावर चार दिशांना तोंडं करून पत्र्याचे चार कर्णे बसवले होते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांतून बाईंचा आवाज येई. त्यामुळे कुणीतरी त्यांना कर्णाबाई म्हणालं आणि तेच नाव पडलं. आवाज मात्र असा, की गाडी रद्द झाल्याचं सांगितलं तरी माणसाला आपला सत्कार चालला आहे असं वाटावं. एकदा एका गृहस्थाची सकाळची गाडी रद्द, दुपारची रद्द आणि संध्याकाळची नादुरुस्त झाली. तो तावातावाने खिडकीशी आला आणि बाईंचे आभार मानून चालत घरी गेला.

आणि उच्चार! 'प्रतीक्षालय' म्हणताना त्यातला क्ष सुटा काढून ताटलीत ठेवावा तसा ऐकू येई. 'वाहकाजवळ सुटे पैसे द्यावेत' यात एक अक्षर सांडत नसे. शाळेतल्या बाई मुलांना सांगत, स्टँडवर जाऊन जरा बसा, बोलायचं कसं ते कळेल.

आता यातली गंमत अशी, की ही भाषा कर्णाबाईंची नव्हतीच.

त्यांचा जन्म शहराबाहेरच्या सरसवाल्यांच्या वस्तीत झाला होता. जनावरांची हाडं आणि कातडी मोठमोठ्या काहिलींत उकळायची, आटवायची, त्याच्या वड्या पाडायच्या आणि लाकूड चिकटवायला सुतारांना विकायच्या. धंद्याचं नाव सरस असलं तरी वास असा होता, की वाऱ्याची दिशा बदलली की गावातले लोक सभा तहकूब करत. वस्तीत कुणी जाऊन राहीना आणि वस्तीतल्याला कुणी शेजारी ठेवीना. त्यामुळे तिथली बोली तिथेच, झाकण लावून ठेवल्यासारखी टिकली. बाहेरचे तिला 'चिकटी' म्हणत. "काय चिकटी बोलतोस?" हे गावात कुणालाही ऐकवायचं असलं की पुरे होई. वस्तीतल्या लोकांनी आपल्या भाषेला कधी नाव दिलंच नव्हतं. ते तिला नुसतं 'आपलं' म्हणत.

या 'आपलं'ची घडण कशी झाली ते कर्णाबाईंचे वडील काहिल ढवळता ढवळता सांगायचे, आणि ते खरं होतं की काहिलीच्या वाफेने सुचलेलं, हे कुणी विचारायचं नाही. सगळ्यात आधी नदीतून होड्यांचे व्यापारी आले. त्यांना पेट्या जोडायला सरस हवा होता. ते मापात मारत, म्हणून वस्तीने त्यांचे वजनाचे सगळे शब्द उचलले आणि स्वतःच्या भाषेतला 'होय' टाकून दिला. होय म्हटलं की भाव ठरला! तेव्हापासून 'आपलं'मध्ये होकाराला 'बघू' म्हणतात आणि नकाराला 'उद्या बघू'. लग्नाच्या वेळी नवरी 'बघू' म्हणाली की सगळे डोळे पुसतात.

मग घोडेस्वार आले. त्यांना धनुष्यं चिकटवायला सरस हवा होता, त्यामुळे त्यांनी वस्ती जाळली नाही, नुसती जिंकली. 'तुपलाम' म्हणजे त्यांच्या भाषेत घोड्यावरून उतरा. पुढे वस्तीतल्या आया पोरांना जेवायला बोलावताना 'तुपलाम, तुपलाम' अशा हाका मारू लागल्या. ज्यांनी जन्मात घोडा पाहिला नाही अशी पोरंही ते ऐकून भिंतीवरून उड्या मारून घरात पळत.

त्यानंतर जहाजातून खुर्च्यांवर बसणारे लोक आले. त्यांचे शिपाई आपल्या साहेबांना पाठीमागे 'बोरझाक' म्हणत. त्याचा अर्थ सुजलेलं गाढव. वस्तीला वाटलं ही पदवी असावी. त्यामुळे 'आपलं'मध्ये वडीलधाऱ्यांना, मान्यवरांना बोरझाक म्हणतात. शेवटचा साहेब मायदेशी निघाला तेव्हा वस्तीने त्याचा निरोपसमारंभ केला आणि प्रत्येक वक्त्याने त्याला तोंड भरून बोरझाक म्हटलं. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. त्याला भरून आलं असेल अशी सगळ्यांची समजूत झाली.

तर अशी ती भाषा. तिच्यात एक मात्र नव्हतं, ते म्हणजे ण. गावातली पोरं वस्तीतलं पोर सापडलं की त्याला घेरून म्हणत, "'पाणी आण' म्हण." पोर म्हणे, "पानी आन." की झाली सुरुवात. कर्णाबाई लहानपणी या 'पानी आन'पायी शाळेतून रडत घरी यायच्या. शेवटी त्यांची आत्या, जी एका शिंप्याशी लग्न करून शहरात गेली होती आणि लोकांना आपण परदेशी आहोत असं सांगायची, त्यांना घेऊन गेली. आत्याने घराच्या मागच्या नळापाशी बसवून, तोंडात पाण्याची गुळणी धरायला लावून, भाचीकडून ण काढून घेतला. पहिला धड ण निघाला तेव्हा समोरच्या भिंतीवरची मांजर भिजून निघाली.

ण आला आणि बाकी सगळं मागोमाग आलं. शिक्षण झालं, आगारातली नोकरी लागली, छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या एका सज्जन माणसाचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी विचारलं, तुमच्याकडे व्यवसाय काय? आत्या म्हणाली, "लाकडी सामान जोडण्याच्या उद्योगात आहेत." यात खोटं काहीच नव्हतं. लग्नाला आलेल्या भावाला गळ्याभोवती मफलर गुंडाळून घसा बसल्याचं सोंग करायला लावलं. तो बिचारा भर उन्हाळ्यात मफलरमध्ये घाम गाळत, येईल त्याला मान डोलावून दाखवत होता. "फार शांत माणसं आहेत," असं सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या.

सासूबाई हे प्रकरण वेगळंच होतं. शाळामास्तरांची बायको, आणि मास्तर गेल्यावर त्यांची छडी जणू सासूबाईंच्या जिभेवर येऊन बसलेली. भाजीवाल्याचे उच्चार दुरुस्त करायच्या. टपाल्याचे करायच्या. त्यांच्या डॉक्टरांनी 'विश्रांती घ्या' हे तीनदा म्हणून दाखवल्याशिवाय त्यांनी विश्रांती घेतली नव्हती. घर बसस्थानकाच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे सुनेची प्रत्येक घोषणा त्यांना घरबसल्या ऐकू येई. संध्याकाळी कर्णाबाई दमून घरात शिरल्या की सासूबाई म्हणायच्या, "दुपारच्या गाडीतला 'ज्ञ' जरा घाईत गेला." कर्णाबाई मान खाली घालून पाणी प्यायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी घरात 'आपलं'चा एक शब्द काढला नव्हता. झोपेत बोलू नये म्हणून त्या उशीत तोंड खुपसून झोपायच्या आणि नवऱ्याला वाटायचं, आपल्या घोरण्याला कंटाळून.

मग आगारात ती खुर्ची आली.

मोठ्या कार्यालयातून कुणाची तरी उतरलेली, चाकांची, दांडी ओढली की वरखाली होणारी. कर्णाबाईंच्या काचेच्या खोलीत ती बसवली तेव्हा सगळे पाहायला आले. दोन दिवसांतच तिचा गुण कळला. बसलं की ती आवाज न करता, गोगलगायीच्या चालीने खाली खाली जाई. घोषणा सुरू करताना बाई फलाट बघत असत आणि संपताना टेबलाची कड. त्यांनी दोन वाक्यांच्या मध्ये दांडी ओढून वर यायचं तंत्र बसवलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, बाई काचेमागे पोहताहेत.

त्या दिवशी गर्दी उसळली होती. एकापाठोपाठ एक गाड्या रद्द झाल्या होत्या, त्यामुळे घोषणा लांबली आणि दांडी ओढायला उसंत मिळेना. बाई हनुवटी वर करून, माइकची मान वाकवून बोलत होत्या. "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर..." इथवर आल्या आणि त्या खुर्चीने आजवरचा सगळा संकोच टाकून एकदम बसकण मारली. बाईंची हनुवटी टेबलावर आपटली आणि जीभ दातांत सापडली.

जीभ अशी चावली गेल्यावर माणूस शिकलेलं बोलत नाही.

वस्तीत एक 'लांब शिवी' आहे. ती आईकडून मुलीकडे येते आणि एका दमात द्यायची असते. आपल्याला आजवर ज्यांनी ज्यांनी नाडलं त्या सगळ्यांचा तिच्यात क्रमाने समाचार घेतलेला असतो. तुझ्या तागडीला खालून भोक पडो, तुझी होडी तुझ्याच सरसाने नदीला चिकटो, तुझ्या घोड्याला तुझं वजन कळो आणि तो बसून राहो, तुझ्या खुर्चीचे पाय तुझ्यावर रुसोत आणि तुझ्या सात पिढ्यांना उभ्याने जेवायला लागो. असं बरंच आहे. मधला काही भाग इथे सांगण्यासारखा नाही. कर्णाबाईंनी ती शिवी लहानपणानंतर उच्चारली नव्हती, पण ती गळ्यात कुठेतरी वळकटी करून ठेवलेली असावी. ती आता सगळीच्या सगळी उलगडली. माइक चालू होता. चार कर्ण्यांनी ती चार दिशांना पोचवली, तीही नेहमीच्याच स्वच्छ, गोड आवाजात.

स्टँडवरची माणसं जागच्या जागी थांबून वर कर्ण्यांकडे पाहू लागली.

आता या शिवीचा एक नियम आहे. ती पुरी झाली की ऐकणाऱ्याने 'झिर्रा' म्हणायचं असतं. हा व्यापाऱ्यांच्या तागडीवरचा शब्द, म्हणजे वजन बरोबर. जो म्हणणार नाही त्याच्यावर शिवी उलटते, हे पोराटोरांना इतकं पक्कं शिकवलेलं असतं, की तोंड आपोआप उघडतं.

"झिर्रा!" पहिल्या फलाटावर चहावाला म्हणाला, आणि किटली तशीच हातात राहिली.

"झिर्रा," ब्रीफकेस घेतलेले, टाय लावलेले एक गृहस्थ म्हणाले आणि दचकून मागे वळून पाहू लागले, जणू दुसरंच कुणी बोललं. टोपलीत कुत्रं घेऊन बसलेली बाई म्हणाली. शिट्टी तोंडात धरलेला वाहतूक पोलीस म्हणाला, त्याचं ते शिट्टीतून निघालं. गाडीखाली झोपून काम करणारा मेकॅनिक म्हणाला आणि उठायला गेल्यामुळे त्याचं डोकं आपटलं. आणि सगळ्यात शेवटी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून, ज्यांना आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं त्या आगारप्रमुखांच्या खोलीतून, दबलेला पण स्पष्ट 'झिर्रा' आला. खिडकी खाडकन बंद झाली.

बाकीच्या प्रवाशांना काही उमगलं नाही. ते चौकशीच्या खिडकीशी रांग लावून झिर्राची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारू लागले. एका कुटुंबाने तर सामान उचलून जागा धरायची तयारी केली.

कर्णाबाईंनी माइक बंद केला आणि त्या जमिनीलगतच्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. नोकरी गेली, हे तर त्यांनी धरूनच चाललं. भीती वाटत होती ती मागच्या गल्लीची. चार कर्ण्यांपैकी एकाचं तोंड सरळ सासूबाईंच्या खिडकीकडे होतं.

दार उघडून आगारप्रमुख आत आले. दार लावून घेतलं. काचेची खोली, लावून काय उपयोग, पण लावलं. बाहेर माणसं नाक चिकटवून उभी होती, म्हणून ते पाठमोरे उभे राहिले.

"बाई, मी लोकांना सांगितलं आहे की ती यंत्राची चाचणी होती," ते म्हणाले.

बाईंनी जीभ सुजल्यामुळे नुसती मान हलवली.

साहेब थोडा वेळ टेबलावरच्या काचेखालचं जुनं वेळापत्रक वाचत राहिले. मग अगदी हळू, गंजलेलं कुलूप उघडावं तसं, अडखळत 'आपलं'मध्ये बोलले. आईने पोरांना जेवायला बोलावताना काय म्हणायचं असतं, तो शब्द त्यांना आठवत नव्हता. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"तुपलाम," कर्णाबाई सुजलेल्या जिभेने म्हणाल्या.

साहेबांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. मग खिशातून रुमाल काढून खूप मोठ्याने नाक शिंकरलं आणि जाता जाता, दारात थांबून, कमरेतून वाकून त्यांना बोरझाक म्हटलं. बाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्यांना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं. आणि खुर्चीवाल्यांची भाषा येणारा तिथे कुणी नव्हता, हे त्याहून बरं.

संध्याकाळी कर्णाबाई घराकडे निघाल्या. मागची गल्ली एरवी चुटकीसरशी संपायची. आज त्यांनी वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचली. घरात शिरल्या तर सासूबाई जेवणाच्या टेबलाशी ताठ बसलेल्या, समोर पाण्याचा पेला, हात मांडीवर. नवरा छापखान्यातून यायचा होता.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

कर्णाबाई बसल्या. माफी कुठल्या शब्दाने सुरू करावी ते त्या मनात जुळवत होत्या.

"घोड्याचं वाक्य चुकलं तुझं," सासूबाई म्हणाल्या. "होडीनंतर आधी लगाम येतो, मग घोडा. तू लगाम गाळलास."

कर्णाबाईंना वाटलं, जिभेची सूज कानावर गेली.

"आई, तुम्हाला..."

"आणि तो शेवटचा हेल! तो खालच्या आळीचा हेल आहे. हाडंवाल्यांचा." सासूबाईंनी नाक मुरडलं. "आम्ही वरच्या आळीचे. कातडीवाले. आमच्यात असं ओढून बोलत नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंनाही त्यांच्या एका मावशीने असंच शहरात आणलं होतं, आणि मास्तरांना त्यांनी मरेपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता. दिवसभर लोकांचे उच्चार दुरुस्त करत राहिलं की आपल्या उच्चारांकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे त्यांनी लवकरच ओळखलं होतं. दुपारी कर्ण्यातून शिवी आली तेव्हा त्या खिडकीत भाजी निवडत होत्या. 'झिर्रा' म्हणाल्या का, असं कर्णाबाईंनी भीत भीत विचारलं.

"म्हणाले. न म्हणून जाते कुठे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते रडणं आहे की हसणं, हे सुनेला कळेना. सासूबाईंनाही नक्की सांगता आलं नसतं. दोघी टेबलाशी बसून 'आपलं'मध्ये बोलू लागल्या. सुरुवातीला शब्द शोधावे लागत होते, मग धबधबा लागला. आणि पुढच्या अर्ध्या तासात दोघींचं जन्मात झालं नव्हतं असं कडाक्याचं भांडण झालं, वरची आळी आधी की खालची आळी आधी यावरून. कातडीशिवाय हाडं कशी, असं सासूबाईंचं म्हणणं. हाडांशिवाय कातडी उभी राहील का, असं सुनेचं.

मुद्रितशोधक नवरा घरी आला तेव्हा आई आणि बायको एकमेकींच्या अंगावर बोटं नाचवत एका अगम्य भाषेत ओरडत होत्या आणि दोघी कमालीच्या खूश दिसत होत्या. तो दारातच थबकला. "अहो, हात धुऊन घ्या," असं बायको म्हणाली आणि पुढचं वाक्य पुन्हा त्या भाषेत, त्याच्याकडे बघून. आई खो खो हसली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच अख्खं पान वाचता येत नव्हतं. तो रुसून जेवला. जेवण झाल्यावर मात्र त्याने विचारलं, "मलाही शिकवाल का?"

"उद्या बघू," दोघी एकदम म्हणाल्या, आणि त्या भाबड्याने तो होकार समजला.

आगारात गोष्ट दबली नाही. ज्यांनी ज्यांनी झिर्रा म्हटलं होतं ते एकमेकांना टाळता टाळता एकमेकांना शोधू लागले. टायवाले गृहस्थ, ज्यांना चहा चालत नसे, ते रोज चहा प्यायला येऊ लागले. शेवटी आगारप्रमुखांनी सुटीच्या दिवशी चालकांची विश्रांतीची खोली उघडून दिली आणि तिथे 'आपलं'चा वर्ग सुरू झाला. शिकवायला कर्णाबाई. पहिल्याच दिवशी खोली भरली. कुत्रंवाली बाई कुत्र्यासकट आली. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि कर्णाबाईंनी पहिला शब्द उच्चारताच त्यांनी हात वर केला.

तो एकत्र वर्ग दुसऱ्या सुटीपर्यंतही टिकला नाही. वरच्या आळीचे उठून शेजारच्या सामानाच्या खोलीत गेले आणि तिथे सासूबाईंनी मास्तरांची छडी घेऊन आपला वर्ग काढला. दोन्ही खोल्यांमध्ये पातळ लाकडी भिंत. इकडे कर्णाबाई एखादा शब्द सांगत, की पलीकडून छडी आपटून त्याचा वरच्या आळीचा उच्चार येई. मग इकडची सगळी मंडळी घसा ताणून आपला उच्चार पाठवत. मुद्रितशोधक एक आठवडा इकडे बसायचा, एक तिकडे, त्यामुळे त्याची भाषा कुठल्याच आळीत बसेना. तो दोन्हीकडे नापास होता आणि दोन्हीकडचा सगळ्यात नेमाने येणारा विद्यार्थी होता. एकदा त्याने जेवताना आईला 'माझ्या लाडक्या तागडी' अशी हाक मारली. आईने त्याला जास्तीची खीर वाढली.

खुर्ची दुरुस्त झाली. कर्णाबाईंनी आवाज पूर्वीसारखाच गोड ठेवला, फक्त दुपारच्या सुटीला माइकवरून 'तुपलाम' म्हणायची सवय लावली. प्रवाशांना ती कुठल्या तरी गावाची गाडी वाटे. मेकॅनिक, चहावाला आणि वरच्या मजल्यावरचे साहेब मात्र डबे उघडत.

थंडीत एकदा सासूबाईंचा घसा खरोखर बसला. शब्द फुटेना. सुटीच्या दिवशी कर्णाबाईंनी त्यांना घरी राहायला सांगून पाहिलं, पण त्यांनी शाल गुंडाळली आणि छडी घेऊन तयार झाल्या. सामानाच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी सुनेला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात घोगऱ्या आवाजात एक वाक्य सांगितलं. ते वरच्या आळीचं, खालच्या आळीवरचं, चांगलंच झोंबणारं होतं. ते भिंतीपलीकडे ओरडायचं होतं. पलीकडे कर्णाबाईंचाच वर्ग त्यांची वाट बघत बसलेला.

कर्णाबाईंनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग कमरेवर हात ठेवून, फलाट घुमेल अशा आवाजात, वरच्या आळीच्या अचूक हेलात त्यांनी आपल्याच माणसांना ते वाक्य ऐकवलं. पलीकडे बाकं करकरली. मग चहावाल्याचा आवाज आला. त्याने जे उत्तर दिलं त्यात एक शब्द असा होता, जो कर्णाबाईंनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी वळून सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनीही मान हलवली, त्यांनाही तो ठाऊक नव्हता.

सासूबाई छडी टेकत भिंतीपाशी गेल्या, शाल बाजूला करून फळीला कान लावला आणि सुनेला बोटाने खुणावलं.

"पुन्हा म्हणायला सांग त्याला," त्या कुजबुजल्या. "सावकाश."